वजन उतरवायला काय बरं: घड्याळ बघून जेवणं की ताटातलं बदलणं?

सावकाश_कासव (धागाकर्ती)

दहा-बारा किलो उतरवायचे आहेत. वय पंचेचाळिशीच्या पुढे, रक्तदाब काठावर, साखर अजून तरी ठीक, गोळी कुठलीच चालू नाही. डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा, मग बघू." कसं उतरवायचं हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

ऑफिसात दोन तट पडलेत. एक म्हणतो इंटरमिटंट फास्टिंग कर, सोळा तास तोंड बंद, उरलेल्या आठ तासांत काय ते खा, विषय संपला. दुसरा तट मेडिटरेनियन आहारवाल्यांचा: ऑलिव्ह तेल, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ढीगभर भाज्या. दोन्हीकडच्या माणसांचं वजन उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे कुणालाच खोटं पाडता येत नाही.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. किलोच्या हिशेबात कुठलं सरस? वर्षभरानंतर कुठलं टिकतं? आणि दोन्ही एकदम केलं तर झेपेल का? कृपया नुसतं "शरीराचं ऐका" लिहू नका. माझं शरीर रात्री साडेदहाला बिस्किटं मागतं.

निशाचर

फास्टिंग. डोळे मिटून.

मोजमाप नाही, ॲप नाही, कशात किती कॅलरी हे पाठ करणं नाही. एकच नियम: रात्री आठनंतर स्वयंपाकघरातला दिवा बंद. माझी दिवसाची जेवणं कधीच बेताबाहेर नव्हती, घात व्हायचा तो रात्री लॅपटॉपसमोर. डावा हात चिप्सच्या पाकिटात, उजवा माउसवर, आणि पाकीट संपल्याचं बोटं तळाला लागल्यावरच कळायचं. तो सगळा प्रकार एका नियमात बंद झाला.

शिवाय यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरला की शरीर चरबीकडे वळतं, इन्सुलिन खाली येतं. ऑटोफॅजी सुरू होते, पेशी आपलाच कचरा साफ करतात. त्यावर २०१६ साली नोबेलही मिळालंय.

सुरुवातीला डोकं दुखतं, चिडचिड होते. पाणी, काळी कॉफी, बिनसाखरेचा कोरा चहा यांवर निभतं. मग भूक आपोआप ठरल्या वेळेला लागायला लागते.

वाचनवेडी

निशाचर, रात्रीचं चरणं थांबलं म्हणून तुमचं वजन उतरलं, हे एकदम मान्य. पण त्याचं श्रेय ऑटोफॅजीला देऊ नका. योशिनोरी ओसुमींचं नोबेलचं काम यीस्टच्या पेशींवरचं आहे. माणूस सोळा तास उपाशी राहिला तर त्याचं किती वजन उतरेल, हे त्यातून निघत नाही.

शरीर चरबीकडे वळतं हेही खरंच, पण जेवलात की तीच चरबी पुन्हा भरलीही जाते. दिवसाअखेरीस वजावट किती झाली, ते महत्त्वाचं.

कासवताई, आता किलोंचं. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या चाचणीत एका गटाला फक्त दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात खायला सांगितलं. काय खा, किती खा, यावर काहीच बंधन नाही. दुसरा गट नेहमीसारखा दिवसातून तीनदा जेवत होता. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ०.६८. म्हणजे फरक असा काही उरलाच नाही.

दुसरी चाचणी चीनमध्ये ग्वांगझूला झाली, निकाल २०२२ सालचा. १३९ स्थूल माणसं, पूर्ण वर्षभर. इथे दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कापल्या होत्या: पुरुषांना दिवसाला १५०० ते १८००, बायकांना १२०० ते १५००. एका गटाने ते सगळं सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत खायचं, दुसऱ्याने हवं तेव्हा. पहिल्या गटाचे ८ किलो गेले, दुसऱ्याचे ६.३. हा फरकही निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतपतच.

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नुसती वेळ आवळली तर किलोभरसुद्धा जाईना. खाणं मोजून कमी केलं तर वेळ आवळा वा न आवळा, सहा ते आठ किलो गेले.

निशाचर

ताई, चाचण्या सरासरी सांगतात, मी सरासरी नाही. :)

आणि तुम्ही सोयीच्या तेवढ्याच काढल्यात. २०२५ सालच्या अमेरिकेतल्या चाचणीचं काय? १६५ जण, वर्षभर. एका गटाने आठवड्यातले तीन दिवस खाणं ऐंशी टक्के कापलं, बाकी चार दिवस मोकळीक. दुसऱ्या गटाने रोज थोडी थोडी कपात केली, आठवड्याचा एकूण हिशेब दोघांचा सारखाच धरलेला. उपवासवाल्यांचं वजन सरासरी ७.६ टक्के उतरलं, रोजच्या कपातवाल्यांचं ५ टक्के. ही कसली सोळा-आठची पाणचट आवृत्ती नव्हे, खरा उपवास आहे.

वाचनवेडी

ती चाचणी चांगली आहे आणि तुमच्याच बाजूची आहे, नाकारत नाही. पण तिथेही उपवासाच्या गटाच्या पोटात प्रत्यक्षात कमी गेलं म्हणूनच वजन जास्त उतरलं. काहींना "रोज थोडं कमी" यापेक्षा "आज नाही, उद्या हवं ते" हे सोपं जातं, त्यांचा फायदा होतो. ज्यांना जात नाही ते सोडून देतात. २०१७ साली शिकागोत शंभर जणांवर वर्षभर एकाआड एक दिवसाचा उपवास करून पाहिला. वजन जवळपास सारखंच उतरलं, ६ टक्के विरुद्ध ५.३ टक्के, पण उपवासाच्या गटातले ३८ टक्के लोक मध्येच गळाले, रोजच्या कपातीतले २९ टक्के. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हे.

तेलाचा_हिशेबी

उपवासाची जुगलबंदी छान चाललीय, दुसऱ्या पक्षाकडून मी बोलतो. मेडिटरेनियन आहार म्हणजे पिझ्झा-पास्ता, असं समजून सुरू करणारे खूप भेटतात. रेस्टॉरंटच्या मेन्यूवरचं ते जेवण वेगळं. ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाचा आहार आणि हृदयविकारावरचा सात देशांचा अभ्यास १९५८ साली सुरू झाला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरचे जे लोक होते, त्यांच्या ताटात भाज्या, कडधान्यं, जाडसर पाव, फळं, ऑलिव्ह तेल भरपूर आणि मांस क्वचित. गोड म्हणजे बहुतेक फळच. आणि तो सगळा गाव दिवसभर शेतात राबणारा, हे आपण खुर्चीत बसून विसरतो.

माझ्या मते वजन उतरवायला निघालेल्या माणसासाठी या आहारात एक सापळा आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही: तेल. "हृदयाला चांगलं" हे कानावर पडलं की लोक बाटली तिरपी करून सॅलडवर गोल गोल फिरवतात. एकदा ती धार चमच्यात धरून पाहा. मोठा चमचा भरायला डोळ्यांची उघडझाप पुरते, आणि तेवढ्यात सुमारे १२० कॅलरी झाल्या. चांगलं तेल असो की वाईट, कॅलरी तितक्याच. तशा तीन धारा म्हणजे एक छोटं जेवण. मी गेली काही वर्षं बाटलीतून थेट तेल ओतलेलं नाही, चमच्याने मोजूनच घालतो. घरचे हसतात, हसू देत.

सुकामेव्याचंही तेच. तीस ग्रॅम अक्रोड-बदाम म्हणजे एक लहान मूठ, पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी. पिशवी मांडीवर घेऊन बसलात तर मूठ कुठली आणि माप कुठलं.

मात्र पोट भरतं ते कडधान्यं, भाज्या आणि माशांनी. चोथा आणि प्रथिनं दोन्ही पदरात पडतात, तीन-चार तास भूक फिरकत नाही. साडेदहाच्या बिस्किटांवर हाच खरा उतारा, असा माझा अनुभव आहे. रात्रीच्या जेवणात वाटीभर शिजलेलं कडधान्य असेल तर फडताळाकडे पाय वळत नाहीत.

वाइनचा मुद्दा कुणीतरी काढणारच म्हणून आधीच लिहितो. पीत नसाल तर आहाराच्या नावाखाली सुरू करू नका. दारूचं सुरक्षित असं काही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलंय. वजनाच्या दृष्टीने तर त्या फुकटच्या कॅलरी.

शंकासुर

तो स्पेनमधला गाजलेला अभ्यास मागे घेतला होता ना? मग सगळा डोलारा कशावर उभा आहे?

वाचनवेडी

प्रेडिमेड, मेडिटरेनियन आहाराने हृदयविकार टळतो का ते पाहणारा. हो, मागे घेतला होता, आणि दुरुस्त करून पुन्हा छापला. २०१३ साली पहिल्यांदा आला तेव्हा ७४४७ जणांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटलंय असं सांगितलं होतं. नंतर उघड झालं की काही ठिकाणी घरातला दुसरा माणूस पहिल्याच्याच गटात घातला होता, आणि एका केंद्रावर तर अख्खा दवाखानाच एका गटात टाकला होता. २०१८ साली ही सगळी माणसं लक्षात घेऊन पुन्हा गणित मांडलं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरेंत साधारण ३० टक्के घट होती, ती तशीच राहिली. भाषा मात्र सौम्य केली.

पण शंकासुर, या धाग्यापुरता मोठा मुद्दा वेगळाच आहे. ती चाचणी वजनाची नव्हतीच. कमी खा असं कुणाला सांगितलं नव्हतं, उलट एका गटाला घरपोच ऑलिव्ह तेल मिळत होतं, कुटुंबाला आठवड्याला लिटरभर. एवढं तेल देऊनही वजन वाढलं नाही, पण उतरलंही जेमतेमच. म्हणजे "मेडिटरेनियन खाल्लं की बारीक होतो" असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

वजनासाठी बघायची ती २००८ची इस्रायलमधली चाचणी. ३२२ जण, दोन वर्षं, दुपारचं मुख्य जेवण कामाच्या ठिकाणच्या उपाहारगृहात, त्यामुळे काय खाल्लं यावर बरीच नजर. तीन गट होते. कमी चरबीच्या आहाराने २.९ किलो गेले, कॅलरी मोजून घेतलेल्या मेडिटरेनियन आहाराने ४.४, कमी कर्बोदकांच्या आहाराने ४.७. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे एकूण सहा वर्षांनी पुन्हा वजनं घेतली, तेव्हा मेडिटरेनियन गटाचे ३.१ किलो अजून उतरलेलेच होते, कमी कर्बोदकवाल्यांचे १.७ आणि कमी चरबीवाल्यांचे ०.६.

कासवताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. सुरुवातीला पळण्यात कमी कर्बोदकं पुढे, सहा वर्षांनी मागे वळून बघितलं तर मेडिटरेनियन पुढे. सहा वर्षांत तीन किलो ऐकायला फारसे वाटत नाहीत, पण उतरलेलं वजन परत न येणं हीच या सगळ्यातली अवघड बाब.

पांढरा_कोट

व्यवसायाने डॉक्टर आहे. कुणालाही इथे तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, तेवढं समजून वाचा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड इ.) चालू असतील तर स्वतःच्या मनाने उपवास सुरू करायचा नाही. गोळी तिचं काम करत राहते, पोटात काही नसतं, साखर धोकादायक खाली जाते. मधुमेहाच्याच ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांत उपाशी राहिल्यावर रक्तात कीटोनं (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून आम्लता होण्याचा वेगळा धोका आहे, आणि तेव्हा साखर फार वाढलेलीही दिसत नाही, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचं वजन उतरत गेलं की दाबही उतरतो. उठताना चक्कर यायला लागली तर डोस बघून घ्या.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयाची मुलं आणि ज्यांना पूर्वी कधी खाण्याचा विकार होता, म्हणजे उपाशी राहणं आणि बकाबका खाणं यांचं चक्र, त्यांनी उपवासाच्या वाटेला जाऊ नये. या शेवटच्या गटाचं कुणी बोलत नाही. "आठ तासांची खिडकी" हे अशा माणसाला जुन्या आजाराचं नवं, प्रतिष्ठित नाव मिळाल्यासारखं होतं.

दोन्ही पक्षांनी वाचावं असं आणखी एक. वजन कमी होताना स्नायूही जातात. वर उल्लेख झालेल्या २०२०च्या चाचणीत ज्यांची बारकाईने मोजणी केली, त्यांच्या गेलेल्या वजनात स्नायू वगैरेंचा वाटा नको इतका मोठा होता. पंचेचाळिशीनंतर हे परवडत नाही. प्रथिनं दोन-तीन जेवणांत वाटून घ्या आणि आठवड्यातून दोनदा तरी वजन उचलण्याचा व्यायाम करा. एकाच जेवणात सगळी प्रथिनं कोंबणं बहुतेकांना जमत नाही.

माजघर

पांढरा_कोट यांच्या पहिल्या परिच्छेदाला दहा वेळा अनुमोदन. आमच्या बाबांनी कुणाचं तरी ऐकून सकाळचं खाणं बंद केलं, गोळी मात्र सवयीने घेतली. अकरा वाजता वर्तमानपत्र हातात धरून बसलेले, आणि कागद थरथरतोय. घामाने शर्ट भिजलेला, विचारलं तर बोलणं अडखळतंय. साखर ५४. ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर पंधरा मिनिटांत माणसात आले. घरी मीटर होता म्हणून कळलं.

सावकाश_कासव

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. आता दोन उपप्रश्न. आठ तासांत जेवणाऱ्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका ९१ टक्के जास्त, अशी बातमी मध्यंतरी फिरत होती, तिचं काय? आणि दोन्ही एकत्र करण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

पांढरा_कोट

ती २०२४च्या मार्चमधली. शिकागोतल्या एका वैद्यकीय परिषदेत मांडलेला गोषवारा होता, पूर्ण शोधनिबंध तेव्हा छापलेलाही नव्हता. सुमारे वीस हजार अमेरिकन लोकांना दोन दिवसांच्या खाण्याबद्दल विचारलं, त्यावरून त्यांची खाण्याची वेळ ठरवली आणि पुढे कोण गेलं ते पाहिलं. कोणी उपवास म्हणून कमी वेळात खात होता, कोणी आजारपणामुळे, कोणी दोन नोकऱ्यांच्या धावपळीत, हे वेगळं करणं अशा अभ्यासात कठीण. घाबरण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. "उपवास हृदयाला उत्तम" असं छातीठोकपणे सांगण्यासारखंही काही हाती नाही. मेडिटरेनियनबद्दल ते बऱ्यापैकी सांगता येतं, आणि तुमचा रक्तदाब काठावर आहे.

वाचनवेडी

एकत्र करायला काहीच हरकत नाही. एक कधी खायचं ते सांगतं, दुसरं काय खायचं ते. त्यांचं आपसात भांडण मुळी नाहीच. फक्त वेळ आवळायची तर संध्याकाळची बाजू आवळा. २०१८ साली छोटी चाचणी झाली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठच पुरुष, पाच आठवडे. सहा तासांत खाणं आणि दुपारी तीनच्या आत शेवटचं जेवण. वजन मुद्दाम तेवढंच राखलं, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं आणि रक्तदाबही उतरला. आठ माणसांवरून जगाला नियम घालून देता येत नाही, आणि तीनला शेवटचं जेवण कोण घेणार हाही प्रश्नच, पण दिशा तीच धरा. न्याहारी गाळून रात्री नऊला भरपेट जेवणं ही उलटी चाल.

निशाचर

न्याहारीशिवाय माझं उत्तम चाललंय. बाकी सहमत.

तेलाचा_हिशेबी

कासवताई, तुमच्या जागी मी असतो तर सोळा तासांच्या मागे लागलोच नसतो. संध्याकाळी साडेसातला जेवण, सकाळी साडेसात-आठला न्याहारी, मधले बारा तास काही नाही. बिस्किटं त्यातच बाद होतात. बाकीची ताकद ताटावर लावा: अर्धं ताट भाज्या, कडधान्य किंवा मासा रोज, तेल चमच्याने, सुकामेवा वाटीत काढून. कॅलरी मोजण्याचा जाच होत असेल तर दोन आठवडेच मोजा, आपलं पाणी नेमकं कुठे मुरतंय ते तेवढ्यात कळतं.

प्रेडिमेडचीच पुढची चाचणी आहे, प्रेडिमेड-प्लस. त्यात हाच आहार, पण दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी कमी, जोडीला चालणं-व्यायाम आणि कुणीतरी नियमित विचारपूस करणारं. माणसं वयस्कर आणि जाड, पण आधी मधुमेह नसलेल्यांत तो होण्याचं प्रमाण सहा वर्षांत ३१ टक्क्यांनी कमी दिसलं. तुलना कशाशी, तर त्याच आहाराशी, फक्त कपात आणि व्यायाम नसलेल्या. वजन मात्र सरासरी तीन-साडेतीन किलोच उतरलं. दहा-बाराचं लक्ष्य ठेवा, पण पहिले तीन-चार गेले की रक्तदाब तपासून घ्या. आकडा हलायला तेवढं अनेकदा पुरतं.

सावकाश_कासव

ठरलं. बारा तासांची रात्र आणि चमच्याने तेल. कंबरेचं माप आज घेऊन ठेवलंय, कारण पहिल्या आठवड्यात काट्यावर उतरतं ते बरंचसं पाणीच असतं असं वाचलं.

वाचनवेडी

बरोबर. ग्लायकोजेनचा साठा उतरला की त्याला धरून राहिलेलं तिप्पट-चौपट पाणी निघून जातं. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या दोन किलोंनी हुरळू नका आणि तिसऱ्या आठवड्यात काटा अडला म्हणून सोडूही नका. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी.

शंकासुर

एक राहिलंच. त्या बारा तासांत कॉफीत दूध चालतं का?

निशाचर

सोळा तासवाल्यांना नाही. त्यांना विचाराल तर चमचाभर दुधानेही उपवास मोडतो.

तेलाचा_हिशेबी

वजनापुरतं विचाराल तर चमचाभर दुधाने काही बिघडत नाही. साखर घालता का, ते आधी सांगा.

शंकासुर

दोन चमचे.